वडील सुतार आहेत, एकाच नाकपुडीतून रक्त येतंय, मदत हवी आहे

नमस्कार, आम्ही सांगलीजवळचे. अण्णांचं वय ६३, सगळा जन्म सुतारकामात, आधी सागवान-शिसव, आता एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले फळे). डावी नाकपुडी कायम बंद, शेंबडात रक्ताच्या रेषा, डावा डोळा सारखा पाणावतो. गावातल्या डॉक्टरांनी सायनस म्हणून गोळ्या दिल्या, काय फरक नाही, मग मिरजेला नाक-कान-घसावाल्यांकडे नेलं तर दुर्बिणीतून गाठ दिसली, सीटी झाला, तुकडा तपासायला गेलाय. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं तर कामधंदा काय, तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

लाकडाच्या धुळीने खरंच असं होतं का? अण्णांना विडी-तंबाखू काही नाही, त्यामुळे आई कॅन्सरचं नावच काढू देत नाही. शिवाय धाकटा भाऊ त्याच शेडमध्ये दिवसभर सँडर (लाकूड घासायचं मशीन) मारतो, तोंडाला नुसता रुमाल, संध्याकाळी पापण्यासुद्धा पांढऱ्या. त्याचा पण सीटी काढायचा का?

प्रतिसाद:
मी साताऱ्यात ईएनटी ओपीडीत काम केलंय. होय, होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ ला लाकडाची धूळ पक्क्या कॅन्सरकारकांत धरली. दोन डोळ्यांच्या मधे एथमॉइड सायनस असतो, तिथला अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा कॅन्सर सुतारांत जास्त दिसतो, इंग्लंडात हाय विकंबच्या फर्निचर कारागिरांत हे १९६० च्या दशकातच लक्षात आलेलं. चामड्याची धूळ आणि निकेल शुद्ध करायचं काम, तिथेही धोका आहे. धूळ खाल्ल्यावर वीस-तीस-चाळीस वर्षांनी पण उगवतं. तरी आजार दुर्मिळच, बहुतेक सुतारांना कधीच होत नाही, त्यामुळे आईला आत्ताच घाबरवू नका. तपासणीत इन्व्हर्टेड पॅपिलोमा नावाची गाठ निघाली तर ती साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली असते, पण मुळापासून काढावी लागते, काहींत पुढे कॅन्सर होतो.

डोळ्याचं मात्र रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, आणि केसपेपरवर किती वर्षं, कुठलं लाकूड हे लिहून घ्या.

भावाला त्रास नसेल तर सीटी नको, उगाच रेडिएशन. पण एकाच बाजूचं नाक बंद राहिलं, रक्त आलं, गाल बधिर झाला किंवा वरचे दात हलले तर लगेच दुर्बीण. रुमालाने बारीक धूळ अडत नाही, एन९५ द्या, सँडरला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडा आणि ते ब्लोअरने अंगावरचा भुसा उडवणं आधी बंद करा.

धागाकर्ता:
आभारी आहे, डोळ्याचं उद्याच फोन करून सांगतो. भाऊ म्हणतो एन९५ ने पत्र्याच्या शेडमध्ये जीव गुदमरतो. कुणी दिवसभर व्हॉल्ववाला मास्क वापरलाय का, सांगलीत कुठे मिळेल?