इंचांआधी पिक्सेल बघा

गार्मिनच्या हातात धरायच्या जीपीएस यंत्रांपैकी २.६ इंची जीपीएसमॅप ६४ वर २.२ इंची ईट्रेक्स ३०एक्सपेक्षा जास्त नकाशा दिसतो, हे म्हणणं मला पटत नाही. ६४ ची स्क्रीन १६० × २४०, म्हणजे ३८,४०० पिक्सेलची. ३०एक्सची २४० × ३२०, म्हणजे ७६,८००. बरोब्बर दुप्पट, आणि तेही छोट्या काचेत!

दोन्ही बरोबर घेऊन मी कन्नड गावाकडून अंतूर किल्ल्याला गेलोय. तिथल्या उतारावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) इतक्या दाटीनं येतात की ६४ वर त्यांचा नुसता तपकिरी गोळा झाला होता, पायवाट त्यातच हरवलेली. ३०एक्सवर रेषा सुट्या आणि मधली वाट ठळक. अक्षरं मात्र बारीक. गावाचं नाव वाचायला यंत्र डोळ्यांजवळ न्यावं लागलं. चाळिशी लागली असेल तर तीन इंची, २४० × ४०० चा जीपीएसमॅप ६६ बघा.

आणि घ्याल ते घ्या, पण नकाशाच्या पानावरचे वेग, उंची, अंतराचे रकाने आधी काढून टाका. छोट्या स्क्रीनवर बरीचशी जागा तेच खातात. उंची हवी असेल तेव्हा पान बदलून बघता येते की.