आईचा घोटा मोडल्यावर काढलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स: फॉर्मवर सांगायचं की गप्प बसायचं?

रानवारा:
आई ६६ वर्षांची. फेब्रुवारीच्या शेवटी बाथरूमच्या ओल्या फरशीवरून घसरली, डाव्या घोट्याला फ्रॅक्चर, ऑपरेशन नको म्हणाले पण ६ आठवडे प्लास्टर. आणि मे च्या मध्यावर तिची नि बाबांची युरोपची ग्रुप टूर बुक आहे. युंगफ्राउचा बर्फ बघायचाय हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. पैसे डिसेंबरातच भरले पण इन्शुरन्स राहिला, कारण टूरवाले म्हणाले व्हिसाच्या वेळी काढू. शेंगेन व्हिसाला कमीत कमी ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतंच, त्यामुळे काढायचा की नाही हा प्रश्न नाहीये.
भांडण झालंय ते फॉर्मवरून. आधीचा काही आजार किंवा दुखापत आहे का, असा एक प्रश्न असतो. एजंट म्हणतो 'नाही'वर टिक करा, बीपी शुगर असेल तर सांगायचं, हाड काय भरून येतं. दादाही त्याच्याच बाजूने. माझं म्हणणं, पडल्यानंतर पॉलिसी घेण्यात काहीच गैर नाही, पण पडलेलं लपवून घेणं गैर आहे आणि मी तसं करणार नाही. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

सह्यभटक्या:
मोकळेपणानेच सांगतो, राग मानू नका. 'नाही'वर टिक करा आणि व्हिसाच्या मागे लागा. तुम्ही घोट्यासाठी क्लेम करणारच नाही आहात ना, मग सांगून मिळणार काय? 'हो' म्हटलं की बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन पॉलिसी निघतच नाही, मग कागदपत्रं पाठवा, चार दिवस थांबा, परत कागद मागणार, तोवर व्हिसाची अपॉइंटमेंट निघून जाईल. प्रीमियम आपण पूर्ण भरतोय, सामान हरवलं, ताप आला, पोटात दुखलं यासाठी. घोटा त्यात येतोच कुठे. घाबरून जास्तीचं सांगणारी माणसंच अडकतात हे मी घरात बघितलंय.

जुनी_फाईल:
मी विमा कंपनीत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी क्लेमच्या टेबलावर, म्हणून लिहितो. रानवारा ताई, तुमच्या एजंटचं म्हणणं चूक आहे. आरोग्य विम्यासाठी प्रीएक्झिस्टिंगची, म्हणजे आधीपासून असलेल्या आजाराची, जी व्याख्या इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, दिलीय त्यात आजाराबरोबर दुखापत हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने ज्याचं निदान केलं किंवा ज्यावर उपचार सांगितले वा केले, ते सगळं त्यात येतं, प्रवासाच्या पॉलिसीत कंपनीने काय व्याख्या लिहिलीय ती मात्र वाचून घ्या. २०२४ च्या आधी हे ४८ महिने होते. हाड भरलं की नाही हा मुद्दाच नाही, फेब्रुवारीअखेर प्लास्टर घातलं ना, संपलं.
आणि सह्यभटक्या, सांगून काय मिळणार विचारताय तर ऐका. सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा एक निकाल आहे, नेमका परदेश प्रवासाच्याच पॉलिसीचा. माणसाने डायबेटिस आहे हे आधी सांगितलं होतं, कंपनीने तपासणी करून पॉलिसी दिली, सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर हार्ट अटॅक, तीन स्टेंट, आणि कंपनीने आधीच्या आजाराचं कारण देऊन क्लेम नाकारला. कोर्टाने तो नकार बेकायदा ठरवला. म्हटलं, त्याने सांगितलं होतं, तुम्ही पारखून पॉलिसी दिलीत, आता मागे फिरता येणार नाही. याच्या उलट २००९ चा निकाल, त्यात प्रपोजल फॉर्मवर मधुमेह आणि किडनीचा आजार लपवला होता, तिथे कंपनीचा नकार कायम राहिला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा, फरक फॉर्मवरच्या एका उत्तराचा आहे.

सह्यभटक्या:
काका, मान्य, पण किडनी कुठे आणि घोटा कुठे. ६६ वर्षांच्या बाईला उद्या न्यूमोनिया झाला तर घोट्याचं काय देणंघेणं?

पाऊलखुणा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूमोनियाचं सोडा, घोट्याचंच सांगते. ६ आठवडे पाय हलला नाही की पोटरीचे स्नायू बारीक होतात, तोल जातो, आणि प्लास्टर काढल्यावर लगेच युरोपच्या त्या दगडी गल्ल्यांमधून दिवसाला आठ-दहा हजार पावलं. तिथे पडून मनगट मोडलं तर पडल्या का हा प्रश्न येणारच. दुसरं म्हणजे रक्ताची गाठ. फ्रॅक्चर, हालचाल बंद, वर लांबचं विमान, अशा वेळी पायात गाठ होण्याचा धोका वाढतो, ती फुफ्फुसात गेली तर दम लागतो, छातीत दुखतं. वरून बघणाऱ्याला याचा घोट्याशी काही संबंध वाटणार नाही, पण डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, अलीकडे काही दुखापत, ऑपरेशन? आणि श्वास लागलेली बाई खरंच सांगणार, सांगायलाच हवं, नाहीतर निदान चुकेल. ते केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहिलं जातं आणि तोच कागद कंपनीकडे जातो. म्हणजे तुम्ही इकडे लपवलेलं आई स्वतःच तिकडे सांगणार आहेत. तेव्हा त्यांनी काय करावं, उपचाराला उपयोगी पडेल ते बोलावं की क्लेमला?

डोंबिवली_फास्ट_नाही:
पाऊलखुणा यांनी लिहिलंय तसंच आमच्याकडे घडलं. सासरे दुबईला मेव्हण्याकडे गेले होते, जायच्या दोन महिने आधी गुडघ्याला मार लागून सोनोग्राफी, पट्टा, गोळ्या असं सगळं झालेलं. तिकडे जिन्यात गुडघा मुडपला, लिगामेंट गेलं. केसपेपरवर जुन्या दुखापतीचा उल्लेख, कंपनीने इकडच्या फॅमिली डॉक्टरचे कागद मागवले, क्लेम बाद. फॉर्म एजंटने भरला होता, 'नाही'ची टिक त्याची, पण ओटीपी माझ्या मोबाइलवरून दिलेला. मी कंपनीला लेखी तक्रार केली, उत्तराची महिनाभर वाट बघून विमा लोकपालाकडे गेलो, तिथे फी लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, एक वर्षाच्या आत जावं लागतं. ऐकून नीट घेतलं. पण ओटीपीपुढे माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.
तरीपण मला कंपन्यांना मोकळं सोडायचं नाहीये. विकताना दोन मिनिटांत पॉलिसी, एकही कागद नको, आणि पैसे द्यायची वेळ आली की तीन वर्षांची प्रिस्क्रिप्शनं मागतात. जेवढं खणायचंय तेवढं विकताना खणा की.

नर्मदाकाठ:
हे शेवटचं वाक्य मला फार पटलं. माझं मत दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं आहे. वय झालेल्या माणसाला साठीनंतर कुठलीच दुखापत नाही असं होतं का? खरं सांगितलं की नेमकं ज्याची भीती आहे तेच वगळणार, किंवा पॉलिसीच नाही, मग लोक खोटं लिहिणार नाहीत तर काय करतील. जास्त प्रीमियम घ्या पण जुन्या फ्रॅक्चरसकट कव्हर द्या, असा पर्याय सगळीकडे सहज मिळायला हवा.

जुनी_फाईल:
नर्मदाताई, भावना कळते, काही पॉलिसींमध्ये जुन्या आजाराचं थोडं कव्हर असतंही, पण ते जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरतं, रुग्ण स्थिर होईपर्यंत. मात्र जे घडून गेलंय त्याचा विमा नसतो हे मूळ आहे, नाहीतर सगळे पडल्यावरच काढतील आणि हप्ता कोणी भरायचा. रेल्वेचा ४५ पैशांचा विमा बघा, मृत्यू झाला तर १० लाख, पण टिक तिकीट काढतानाच करावी लागते, गाडी घसरल्यावर नाही.
रानवारा ताई, अजून एक, कोणी सांगितलं नसेल. याच घोट्यामुळे टूर रद्द करावी लागली तर आज काढलेल्या पॉलिसीतून ते पैसे मिळतील असं धरून चालू नका. डिसेंबरात पैसे भरले त्याच दिवशी कॅन्सलेशनसकट काढली असती तर बोलायला जागा होती.

जर्सीवासी:
इकडे न्यू जर्सीत याहून पुढचा प्रकार चालतो. आईबाबा येतात, महागडा म्हणून इन्शुरन्स काढत नाहीत, मग एक दिवस फोन येतो, आई जिन्यावरून पडली, आत्ता ऑनलाइन काढतो नि उद्या पडली असं सांगतो, चालेल ना? नाही चालणार. इमर्जन्सीत आल्याची वेळ मिनिटासकट नोंदलेली असते, केव्हा नि कशा पडल्या हे लिहिलेलं असतं. राज्यात विमा फसवणुकीसाठी वेगळं सरकारी वकील कार्यालय आहे. आईच्या हाडासाठी स्वतःच्या व्हिसाशी खेळ करू नका हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.
त्याऐवजी हे करा. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी विभागाला पैसे असोत नसोत तपासून रुग्ण स्थिर करावाच लागतो. नंतर बिल आलं की लगेच भरू नका, बाबवार बिल मागा, आणि हॉस्पिटल नॉनप्रॉफिट असेल तर त्यांच्याकडे आर्थिक मदतीचं लेखी धोरण असावंच लागतं, तो अर्ज मागून घ्या, पाहुण्या आईबाबांना ते लागू होतं का विचारा. नाहीच बसलं तर रक्कम कमी करून हप्ते मागा. त्रास आहे, पण खरं बोलून करता येतं.

सह्यभटक्या:
जर्सीवासी, तारीख बदलणं हा गुन्हाच, त्याचं समर्थन मी करत नव्हतो. पाऊलखुणा यांचा गाठीचा मुद्दा मला माहीत नव्हता, तेवढा मान्य. पण शाखेत जाऊन सांगितलं आणि त्यांनी पॉलिसीच नाकारली तर आईंचा व्हिसा गेला, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

रानवारा:
उत्तर मला शाखेत मिळालं, आमच्यापुरतं तरी. एजंटला बाजूला ठेवून मी स्वतः गेले, एक्सरे, प्लास्टरचा कागद आणि ऑर्थोपेडिकचं पत्र घेऊन. पहिला माणूस 'ऑनलाइन काढा' म्हणून परत पाठवत होता, मी उठले नाही. पाच दिवसांनी पॉलिसी आली, त्यात डावा घोटा आणि त्यातून होणारी गुंतागुंत वगळलेली, बाकी सगळं चालू, आणि व्हिसासाठी लागणारं सर्टिफिकेट सोबत. म्हणजे गाठ झाली तर खर्च आमचा, हे आता आम्हाला आधीच माहितीये, त्यासाठी दादाने आणि मी मिळून वेगळे पैसे बाजूला काढलेत. दादाला अजूनही वाटतं मी उगाच वगळून घेतलं.
प्लास्टर परवा निघालं. पाय सुजलेला आहे, आई काठी घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारतेय. टूरवाले सप्टेंबरच्या बॅचला नाव टाकायला तयार आहेत, पंधरवड्यात कळवायचंय. डॉक्टर विमानात बसायला हरकत नाही असं लिहून देतील तरच मे, नाहीतर सप्टेंबर, आणि सप्टेंबर झालं तर पॉलिसीच्या तारखा बदलायला मी परत त्याच शाखेत जाणार.