मदत हवी आहे : 8/6 स्विच्ड रिलक्टन्स मोटरचा आवाज कमी करण्यासाठी प्रवाह तोडण्याची पद्धत बदलावी की स्टेटर?

नमस्कार मंडळी,

धान्य वाळवण्याच्या ब्लोअरसाठी आम्ही दीड किलोवॅटची, चार फेजची (पाळीपाळीने प्रवाह मिळणाऱ्या वाइंडिंगच्या चार गटांची) स्विच्ड रिलक्टन्स मोटर तयार केली आहे. तिच्या स्टेटरला (स्थिर भागाला) 8 आणि रोटरला (फिरत्या भागाला) 6 पोल, म्हणजे पुढे आलेले लोखंडी दात, असून रोटरवर ना वाइंडिंग आहे, ना चुंबक. एप्रिल 2025 मध्ये चीनने रेअर अर्थ चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातल्यानंतर तर अशा मोटरवर आपल्याकडे मन लावून काम व्हायला हवे, असे मला फार वाटते. टॉर्क अपेक्षेप्रमाणे मिळतो. अडचण आहे ती आवाजाची.

2000, 2570 आणि 3600 आरपीएमच्या आसपास मोटर कर्कश वाजते. 3600 वर चालू असताना ड्राइव्हचा पुरवठा बंद केला, की रोटर अजून जवळपास त्याच वेगाने फिरत असूनही आवाज त्याच क्षणी थांबतो, त्यामुळे बेअरिंग किंवा हवेचा दोष नाही हे नक्की. स्टेटरवर लाकडी हातोडीने हलका ठोका देऊन ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा सुमारे 1800 हर्ट्झला ठळक शिखर दिसले. रोटरच्या एका फेऱ्यात प्रत्येक फेजला 6 वेळा प्रवाह मिळतो, म्हणजे 3600 आरपीएमला फेजची वारंवारता 360 हर्ट्झ होते आणि तिची पाचपट बरोबर 1800 भरते. 2570 ला सातवी आणि 2000 ला नववी पट जुळते. सहाव्या आणि आठव्या पटीचे वेग, म्हणजे 3000 आणि 2250, मात्र शांत जातात. समोरासमोरचे दोन पोल एकाच वेळी ओढले जाऊन स्टेटर लंबगोल होतो, आणि त्याच्याशी काटकोनात असलेली फेज अर्ध्या आवर्तनानंतर उलट दिशेने ओढते. म्हणून सम पटींना दोन्ही फेजचे परिणाम एकमेकांना रद्द करतात, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का?

आता मुख्य प्रश्न. प्रत्येक फेजला दोन आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि दोन डायोड असलेला असममित अर्धसेतू, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा परिपथ, आहे. सध्या दोन्ही आयजीबीटी एकदम बंद होतात, त्यामुळे व्होल्टेज धनाकडून थेट ऋणाकडे जाते आणि त्या क्षणी स्टेटरला जोराचा हिसका बसतो. आधी एकच आयजीबीटी बंद करून व्होल्टेज शून्यावर आणावे आणि कंपनाच्या अर्ध्या आवर्तनाने दुसरा बंद करावा, म्हणजे दुसरा हिसका पहिल्याला मारतो, ही पद्धत मला पटते. हा विलंब सुमारे 0.28 मिलिसेकंद येतो, पण 3600 आरपीएमला तेवढ्या वेळात रोटर 6 अंश फिरतो, आणि एका फेजवरून दुसऱ्या फेजवर जाण्याचे अंतर अवघे 15 अंश आहे. शेपटीचा प्रवाह, म्हणजे तोडल्यानंतर ओसरत जाणारा प्रवाह, पोल समोरासमोर आल्यानंतरही टिकला तर उलटा टॉर्क मिळेल. म्हणून प्रवाह तोडणे अलीकडे घ्यावे, तर सरासरी टॉर्क घटतो. शिवाय दुसऱ्या क्षणी फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) कमी झालेला असल्याने दोन्ही हिसके सारखे नसतात. अशा वेळी विलंबाचा आकडा कसा जुळवावा, आणि प्रवाह चालू करण्याचा कोन किती पुढे आणावा?

दुसरा मार्ग योक, म्हणजे स्टेटरचे बाहेरचे लोखंडी कडे, जाड करण्याचा. त्याने कंपनाची वारंवारता सव्वापट झाली, तर पाचवी पट 4500 आरपीएमवर, म्हणजे आमच्या 4000 च्या मर्यादेबाहेर जाते. परंतु सातवी 3200 च्या थोडी वर आणि नववी 2500 ला उरतेच. 12/8 रचनेत (स्टेटरला 12, रोटरला 8 पोल) चार पोल एकाच वेळी ओढले जात असल्याने स्टेटरचे वाकणे बरेच कमी होईल, मात्र 3600 आरपीएमला फेजची वारंवारता 480 हर्ट्झ होऊन लोखंडातील हानी वाढेल, आणि लॅमिनेशनची (लोखंडाच्या पातळ पत्र्यांची) डाय नव्याने करावी लागेल ती वेगळीच.

ज्यांनी दोन टप्प्यांत प्रवाह तोडण्याची पद्धत प्रत्यक्ष चालवून पाहिली आहे, त्यांनी त्या वेळचे कोन आणि टॉर्कमध्ये पडलेला फरक कृपया येथे द्यावा. आमच्या मोटरचे प्रवाहाचे आलेख हवे असल्यास ते मी याच धाग्यावर ठेवतो.