मदत हवी आहे : एआयएसचा डेटा वायफायवर टाकला की ओळी तुटतात

नमस्कार मंडळी. आमचं घर मांडव्याला. गच्चीत व्हीएचएफ अँटेना आणि एआयएस रिसीव्हर (जहाजं आपली ओळख, जागा, वेग रेडिओवरून सांगत असतात, ते पकडणारं यंत्र) बसवलाय. जहाजांची माहिती गावातल्या कोळी मित्रांच्या मोबाईलवर दिसावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. रात्री जाळी टाकताना मोठं जहाज कुठून येतंय हे आधी कळलं तर फार मोठी गोष्ट आहे.

रिसीव्हरला फक्त आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचं सीरियल केबलचं) पोर्ट आहे, म्हणून सीरियल-टू-वायफाय कन्व्हर्टर घेतला. आधी वेग ४८०० बॉड (डेटा पाठवण्याचा वेग) ठेवला तर नुसता कचरा यायचा. ३८४०० केल्यावर !एआयव्हीडीएमने सुरू होणाऱ्या ओळी (म्हणजे जहाजांचे संदेश) स्वच्छ दिसू लागल्या. केबलने लॅपटॉपला जोडलं तर एकही चुकत नाही.

पण वायफायवर यूडीपीने (पोचल्याची खात्री न करता पॅकेटं पाठवण्याची पद्धत) पाठवलं की ओळ मधेच तुटते, अर्धी एका पॅकेटात, उरलेली पुढच्यात. चेकसम (ओळ पूर्ण आली का हे तपासायचा शेवटचा आकडा) जुळत नाही आणि ते जहाज नकाशावर येतच नाही. काल भाऊच्या धक्क्याहून आलेली रो-रो (गाड्या नेणारी बोट) डोळ्यांसमोर धक्क्याला लागली, स्क्रीनवर तिचा पत्ता नाही. जीव खालीवर होतो हो.

पॅकेटची वेळमर्यादा (पॅकेट पाठवण्याआधी कन्व्हर्टर किती थांबतो ती) किती मिलिसेकंद ठेवता? की लाइन फीड (ओळ संपल्याची खूण) आल्यावरच पॅकेट पाठवायचं सेटिंग असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागेल? यूडीपीऐवजी टीसीपी (पोचल्याची खात्री करणारी पद्धत) करून बघू का? कुणी केलं असेल तर कृपया सेटिंग सांगा.