चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते, पाय काढला की शांत. काय असेल?

घाटवाट_एमएच११
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटर, फोर सिलिंडर, कंपनी फिटेड सीएनजी, रनिंग ८८ हजार. दर पंधरा दिवसांनी आईला भेटायला पुण्याहून साताऱ्याला जातो. गेल्या महिन्यापासून खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पूर्ण गाडी थरथरते, डॅशबोर्ड कडकड वाजतो आणि पिकअप बसतो, पाय थोडा सैल केला की लगेच शांत. सपाट रस्त्यावर एवढं जाणवत नाही. एका गॅरेजवाल्याने अलाइनमेंट बॅलन्सिंग करून दिलं, काही फरक नाही, मग म्हणाला इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते रबरी माउंट) गेलंय, तिन्ही बदला. हजारांचा खर्च सांगितलाय आणि खात्री विचारली तर म्हणतो बदलून बघू. आईला पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे पुण्याला आणायचं आहे, घाटात गाडी बंद पडली तर काय करू हीच धास्ती आहे.

पान्हापेटी
दादा आधी काहीच बदलू नका. थरथर नेमकी कधी येते ते पकडलं की अर्धं काम झालं. टायर-रिमचा दोष असेल तर तो स्पीडवर येतो, म्हणजे ८०-९० ला स्टिअरिंग हलणार आणि पाय काढला तरी हलतच राहणार, तुमचं तसं नाही. फाउंडेशन गेलं असेल तर गाडी उभी असताना, गिअर न्यूट्रलला असतानाही सीटमध्ये, स्टिअरिंगमध्ये कंप येतो आणि क्लच सोडताना धाडकन आवाज येतो. तुमच्या लिहिण्यात पिकअप बसतो हे आहे ना, तोच मुद्दा आहे, नुसतं हलणं वेगळं आणि ताकद जाऊन हलणं वेगळं. मला तरी मिसिंग वाटतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. एक फुकटची टेस्ट सांगतो, त्याच चढावर त्याच गिअरला एकदा सीएनजीवर आणि एकदा पेट्रोलवर चालवून बघा आणि इथे लिहा. आणि चेक इंजिनचा दिवा लागतो का? नुसता लागणं वेगळं, लुकलुकत असेल तर तेव्हा जोर देऊ नका, न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो गेला तर खर्च फार मोठा आहे.

कोकणरस्ता
मिसिंग असेलही पण एक्सल (गिअरबॉक्समधून चाकाला जोर देणारा दांडा) पण बघून घ्या. माझ्या गाडीला अगदी हेच होतं, जोर दिला की पूर्ण गाडी डावी-उजवी डुलायची, पाय काढला की गायब. गिअरबॉक्सच्या बाजूचा आतला जॉइंट घासला होता. त्यात तीन रोलर असतात, ते ज्या खोबणीत सरकतात तिथे खड्डे पडले की जोर आला की अडकतात, म्हणून फक्त अ‍ॅक्सिलरेशनला हादरा येतो. वळताना कटकट आवाज येतो तो बाहेरचा जॉइंट, हा आतला वेगळा. चाक पूर्ण वळवून टॉर्चने बघा, रबरी बूट फाटलं असेल तर आजूबाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं. माझं आतलं बूट तळाशी चिरलं होतं आणि वरून धडधाकट दिसत होतं, तेव्हा बोट फिरवून बघा.

घाटवाट_एमएच११
दोघांचे मनापासून आभार. काल बोपदेव घाटात जाऊन बघितलं. सीएनजीवर जोरात थरथर, पेट्रोलवर खूपच कमी पण आहे. दिवा दोनदा लुकलुकला, मग मी लगेच पाय काढला. बूट दोन्ही बाजूंनी कोरडे आहेत.

पान्हापेटी
मग इग्निशनच धरा, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, वर चढावर थ्रॉटल उघडला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, मग थकलेला प्लग किंवा त्याला व्होल्टेज देणारी कॉइल तिथेच मान टाकते, पेट्रोलवर ढकलत राहते. एक्सल गेला असता तर दोन्ही इंधनांवर सारखंच हललं असतं. गाडीचे फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या, पी०३०१ ते पी०३०४ मधला कोड आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर. मग त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा, कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर प्लग किंवा इंजेक्टर. प्लग इंजिन थंड असतानाच खोला, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना खोलून आटे गेले तर नवीन कटकट.

घाटवाट_एमएच११
मंडळी सापडलं!! दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो, कोड पी०३०३. तीन नंबरची कॉइल उपसली तर खालचं रबर तेलाने फुगून मऊ पडलेलं, आणि प्लगच्या खड्ड्यात बोटभर ऑइल. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती, म्हणाला ठिणगी आत न जाता इथून बाहेरूनच पळते. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग कडक होऊन तेल झिरपत होतं. कॉइल दोन नंबरला लावून बघितली, कोड पी०३०२ झाला. पॅकिंग, चारही प्लग आणि एक कॉइल बदलली, फाउंडेशनला हातही लावला नाही. आज सीएनजीवर खंबाटकी तिसऱ्या गिअरला चढलो, जरासुद्धा थरथर नाही. बाकीच्या तीन कॉइल पण बदलाव्यात का?

पान्हापेटी
फार बरं वाटलं वाचून. बाकीच्यांची रबरं कोरडी असतील तर राहू द्या. महिन्याभराने एकदा कॉइल उपसून खड्डा कोरडा आहे का तेवढं बघा, आणि सीएनजीवर चालवताय तर प्लग वीस हजारला खोलून तपासत जा. आईंना निवांत घेऊन या.