अवेळी बर्फ आणि जुन्या जिप्सी : लाहौल-स्पितीचे अनुभव

हिमाचलातल्या लाहौल-स्पितीत डिसेंबरचा बर्फ कुणाला चकवत नाही, सप्टेंबरचा चकवतो. २०१८ मध्ये २२ ते २४ सप्टेंबरला असाच बर्फ पडला. झाडांवर पानं-फळं होती, शेतात बटाटा होता, नळात पाणी होतं. अशा वेळी नुकसान बर्फाच्या जाडीमुळे होत नाही, सगळं अजून उन्हाळी घडीत असतं म्हणून होतं. तिथे राहणाऱ्या आणि तिथे गाड्या नेणाऱ्या मंडळींनी आपापल्या कामातलं लिहावं. किस्से नकोत. दुसऱ्याच्या कामी येईल असं लिहा. आलेली उत्तरं खाली.

मनाली, जिप्सीचं गॅरेज

जिप्सी म्हणजे मारुतीची फोर-व्हील गाडी. तिच्या कूलंटपासून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापासून, सुरुवात करा. उन्हाळ्यात होज फुटला की लोक नाल्याचं पाणी ओतून पुढे जातात आणि तेच पाणी ऑक्टोबरपर्यंत आत राहतं. पाणी न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर साधारण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. पण भरताना केबिन हीटरचा वॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. तो बंद असेल तर हीटर कोअरमध्ये (हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) जुनं पाणी अडकतं, तेच गोठतं आणि कोअर फुटतो. मग पायाशी ओल येते, काच आतून धुरकट होते आणि बिघाड कुठे आहे ते कळत नाही. भरल्यावर इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवा, थंड झालं की पातळी पुन्हा बघा, मग हायड्रोमीटर (मिश्रणाची घनता मोजायची नळी) लावा. रंगावरून अंदाज करू नका.

दुसरं, पुढचे हब, म्हणजे पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडणारे भाग. बऱ्याच जिप्सींमध्ये ते इंजिनच्या व्हॅक्यूमवर लॉक होतात. रबरी नळ्यांना चिरा गेल्या किंवा सील गेलं की फोर व्हीलचा (ट्रान्स्फर) लिव्हर जागेवर बसतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत. हे बर्फात कळून उपयोग नाही. सपाट जमिनीवर मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल आणि ट्रान्स्फर लिव्हर ४एचवर (चारही चाकांना ताकद) ठेवा. इंजिन चालू करून एकच पुढचं चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवून बघा. हब लॉक असेल तर थोडी ढिलाई सोडून चाक फिरत नाही. मोकळं फिरलं तर दोन्हीपैकी एखादा हब लागत नाहीये. मग दुसरी बाजू. आमच्याकडे बहुतेक जण शेवटी हाताने फिरवायचे हब बसवून घेतात आणि थंडीभर लॉकवरच ठेवतात. पेट्रोल थोडं जास्त जातं, पण भरवसा राहतो. कोरड्या डांबरावर मात्र लिव्हर २एचवरच (फक्त मागच्या चाकांना ताकद) हवा. ४एचमध्ये वळणं घेतली की ट्रान्स्फर केसवर ताण चढतो आणि लिव्हर अडकून बसतो.

निवृत्त, सैन्यातली वाहनदुरुस्ती, सातारा

कार्बोरेटरवाल्या जुन्या जिप्सीला उंचीवर हवा कमी आणि पेट्रोल जास्त पडतं. प्लग काळे पडतात आणि सकाळी स्टार्ट होत नाही. चोक (थंड इंजिनसाठी हवा कमी करणारी कळ) पूर्ण ओढा, अॅक्सिलरेटरला पाय लावू नका, १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. पेट्रोलचा वास आला तर चोक आत ढकला, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पंप करू नका, त्याने अजून ओलं होतं. सुटा प्लगचा सेट सोबत असावाच. रात्री बॅटरी काढून घरात घ्या. उतरवताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह.

मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक-शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये लावा आणि चाकांना दगड द्या. ट्रान्स्फर लिव्हर एनवर (न्यूट्रलवर) राहिला तर गिअर असून नसल्यासारखाच, हे विसरू नका.

केलांगजवळ, बागायतीचं काम

गाड्यांइतकंच सफरचंदाकडे बघायला हवं. पानं असताना पडलेला बर्फ ओला आणि जड असतो, फांदी त्या वजनानेच जोडाशी चिरते. बर्फ पडत असतानाच दर दोन-तीन तासांनी झाडं मोकळी करायची. दुबेळक्याच्या काठीला पोतं गुंडाळा आणि फांदी खालून वर हलकेच उचला. आधी खालच्या फांद्या, मग वरच्या. उलट केलं तर वरचा बर्फ लदलेल्या खालच्या फांदीवर कोसळतो. बर्फ गोठून सालीला धरला असेल तर हात लावू नका, उन्हाची वाट बघा.

जोड चिरला पण फांदी तुटली नाही, तर त्याच दिवशी टेकू द्या, चीर मिटेपर्यंत दोरीने आवळा आणि जाड फांदी असेल तर आरपार बोल्ट घाला. लोंबलेली साल ओढू नका, धारदार चाकूने कड गुळगुळीत करा. जखमेवर चौबटिया पेस्ट लावा : कॉपर कार्बोनेट १ भाग, शेंदूर १ भाग, जवसाचं तेल सव्वा भाग. शेंदरात शिसं असतं, म्हणून हातमोजे हवेत आणि डबा मुलांपासून लांब.

बटाटा जमिनीत असेल तर घाई नको. वरचा बर्फ मातीची ऊब धरून ठेवतो. बर्फ वितळून वाफे निथळले की काढा.

पुणे, दरवर्षी गाड्या नेणारे

डिझेल गाडीवाल्यांनी मैदानातल्या डिझेलने टाकी काठोकाठ भरून वर येऊ नये. थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. गाडी सुरू होते, दोन मिनिटं चालते आणि बंद पडते. लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आलं, ते याच कारणाने. अडकलात तर फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा. टाकीखाली आग लावायची पद्धत दिसते, ती करू नका. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या प्यूजो इंजिनवाल्या जीपचे हीटर प्लग (डिझेल पेटावं म्हणून आधी तापणारे) निघण्याआधी एकेक तपासा.

बर्फासाठी टायरवर चढवायची चेन घरच्या अंगणात एकदा चढवून बघा. अर्धा किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणा, आणि वेग ३० च्या आत. एकच जोडी असेल तर मागे लावा.

मनाली, जिप्सीचं गॅरेज

चेनबद्दल थोडं वेगळं. चढाला मागे हे बरोबर. पण उताराला मागच्या चाकांनाच चेन असेल तर पुढचं टोक वळणावर सरळ जातं. उतारासाठी दोन जोड्याच हव्यात. मोठे टायर टाकलेल्या जिप्सीत पुढे चेन लावण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकच्या रबरी नळीला कडी घासते का ते बघा. घासत असेल तर पुढे चेन लावूच नका.

काझा, होमस्टे

मातीच्या सपाट छतावरचा बर्फ वितळायच्या आत ओढायचा, लाकडी फावड्याने, तळाशी दोन बोटं थर ठेवून. लोखंडी फावडं माती खरवडतं आणि वसंतात तिथूनच गळतं. पाण्याच्या नळीचा सगळ्यात खालचा कॉक उघडून वरचे नळही उघडे सोडा, नाहीतर नळी पूर्ण रिकामी होत नाही. तंदूरची (घर तापवायच्या शेगडीची) राख साठवा, चाकांखाली आणि पायऱ्यांवर तीच लागते. पण पूर्ण विझलेलीच पोत्यात भरा.

रस्त्यात अडकून गाडीत थांबावं लागलं तर इंजिन सुरू करण्याआधी दर वेळी सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ उकरा. हीटरसाठी १० मिनिटं चालवा, वाऱ्याच्या आडोशाची काच दोन बोटं खाली ठेवा, मग इंजिन बंद करा. इंजिन चालू ठेवून झोपू नका.