मदत हवी आहे : बोअरचा तक्ता सगळ्यांना खुला करायचाय, नावं काढली की झालं का?

विहीरवाला
कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावातल्या बोअरची पाहणी झालीय. दोनेकशे नोंदी. रकाने : नाव, मोबाईल, वाडी, गट नंबर, जीपीएस, खोली, किती इंची पाणी, पीक. गूगल शीटची लिंक सगळ्यांना द्यायचीय. नाव-मोबाईलचे रकाने लपवलेत. पुरे का?

खातेउतारा
नाही हो. लपवलेला रकाना नुसता झाकलेला असतो. बघणारा फाईलची कॉपी काढतो, 'अनहाइड' करतो, की नावं हजर. कोरी शीट उघडा, हवे तेवढेच रकाने तिथं चिकटवा आणि तीच लिंक द्या.

खरी गोम गट नंबरात आहे. महाभूलेखवर गाव आणि गट टाकला की सातबारा दिसतो. त्यावर खातेदाराचं नाव, शिवाय इतर हक्कात सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा. त्याच्याशेजारी तुमची ओळ ठेवा : '६५० फूट, कोरडी, द्राक्ष'. कोण टेकीला आलाय त्याची यादी दलालाला आयती.

विहीरवाला
गट काढतो. जीपीएस राहू दे? नकाशा करायचाय.

अक्षांश
जीपीएस म्हणजे गटच. दशांशानंतर चार आकडे असले तर ११ मीटरच्या आत, म्हणजे थेट बोअरवर बोट. दोनच ठेवले तर साधारण १.१ किलोमीटर. 'राऊंड' सूत्रानं नवा रकाना करा, मूळ उडवा. फोटो जोडले असतील तर त्यांतलं लोकेशनही काढा, ते हमखास विसरतं.

खातेउतारा
मग पिव्होट टेबल लावा, म्हणजे एकेक नोंद न दाखवता कुठं किती नोंदी एवढंच मोजणारा तक्ता : वाडी, पीक, खोलीचा टप्पा. जिथं ५ पेक्षा कमी नोंदी, तिथं टप्पा रुंद करा नाहीतर दोन वाड्या जोडा. अमेरिकेतल्या संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं होतं, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतले ८७ टक्के लोक बहुधा एकमेव ठरतात. वाडीत डाळिंब एकाचंच असेल तर तेवढंही लागत नाही.

विहीरवाला
मग उरतं काय?

अक्षांश
बरंच. वाडीवार बोअरच्या खोलीचा मध्यक (मीडियन, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावले की मधोमध येतो तो), कोरड्या बोअरची टक्केवारी. सरासरी नको, एखादी ९०० फुटी बोअर तिला ओढून नेते. पाण्याची पातळीही मोजणार असाल तर ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे धरा. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी तेव्हाच मोजतात, ताडून बघता येईल. मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजा. उपसा चालू असताना टेप सोडला तर पातळी खोटीच खोल दिसते.